ब्रेक यंत्राचा, जबाबदारी कोणाची?

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू सैद यांचे गाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी भागात विदेशी कापडाने भरलेल्या मालमोटारीपुढे हा तरुण गिरणी कामगार आडवा झाला आणि मोटार न थांबल्याने त्याने प्राण गमावले. देशी चालकाने मोटार पुढे नेण्यास नकार दिला, तेव्हा गोऱ्या अंमलदाराने चक्र हाती घेतले, अशी हकीगत सांगितली जाते. त्या हौतात्म्याची तुलना कशाशीही करावयाची नाही. परंतु मोटार थांबते ती अखेर चालकाच्या निर्णयाने, ही जाणीव या गावाला तरी नव्याने करून द्यावी लागू नये.

आज ती द्यावी लागते, याचे कारण नव्या मोटारींतील 'ऑटो होल्ड' नावाची सोय. पुणे-नाशिक महामार्गावर चाकणच्या कोंडीत ज्यांनी ब्रेकवर पाय ठेवून वेळ काढला आहे, त्यांना तिचे मोल सांगावयास नको. बटण दाबून ही सोय सुरू केली, की गाडी पूर्ण थांबल्यावर ब्रेकमधील तेलाचा दाब यंत्रणा स्वतःच राखते. पाय उचलला तरी चाके जखडलेली राहतात. गीअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर हलकेच दाबला, की ती मोकळी होतात. चढावर गाडी मागे सरकण्याची भीतीही त्यामुळे कमी होते.

तथापि ही सोय म्हणजे हातब्रेक नव्हे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. गाडी थांबविण्याचे काम पायाचेच. यंत्रणा थांबलेली गाडी केवळ धरून ठेवते. चालकाने पट्टा सोडला वा दार उघडले, की पुष्कळ गाड्यांत विजेवर चालणारा हातब्रेक आपोआप लागतो. पण सर्वच गाड्यांची रीत एक नाही. चढावर दोन-तीन सेकंदच गाडी धरणारी 'हिल होल्ड' ही तर आणखी निराळी व्यवस्था. या दोहोंत गल्लत करून उतारावरच्या अंगणात गाडीतून उतरणाऱ्याच्या मागे एखादे पोर खेळत असेल, तर परिणामांची कल्पनाच करवत नाही.

दोष केवळ ग्राहकाचा नाही. आयुष्यभराची बचत आणि कर्जाचे हप्ते यांतून शिक्षक वा कारकून पहिली गाडी घेतो. हार, पेढे, छायाचित्र हे सोपस्कार यथासांग होतात. माहितीपुस्तिका मात्र वेष्टनासह कप्प्यात पडून राहते. ती मराठीत मिळावी, विक्रेत्याने किल्ली देण्यापूर्वी प्रत्येक बटणाचे कार्य आणि मर्यादा प्रत्यक्ष करून दाखवाव्यात आणि वाहनशिक्षण वर्गांनी हा विषय शिकवावा, अशी मागणी ग्राहकांनी केली पाहिजे.

तोपर्यंत नियम साधा आहे. यंत्रणा चाके धरून आहे की नाही, हे समोरच्या दिव्यावरून पाहावे. गाडी इंच-इंच सरकवून लावताना ही सोय बंद ठेवावी. उतरण्यापूर्वी हातब्रेक लावावा आणि गाडी गीअरमध्ये, किंवा स्वयंचलित असल्यास 'पार्क'मध्ये ठेवावी. तीव्र उतारावर चाकाखाली दगड लावण्याची जुनी रीतही कमीपणाची मानू नये. पायाला विश्रांती देणारे यंत्र अवश्य वापरावे; लक्षाला विश्रांती देण्याची मुभा मात्र ते देत नाही.