उभ्या गाडीला दंड कशाचा?

दिल्लीत नियम निघतो आणि कोरेगावात लोक गाड्या विकायला काढतात. २०२५ च्या जुलैत तिकडे जुन्या गाड्यांना पंपावर पेट्रोल द्यायचं नाही असा हुकूम निघाला. आरडाओरडा झाला, काही दिवसांतच तो गुंडाळून ठेवावा लागला. पण गुंडाळल्याची बातमी मोबाईलवर फिरत नाही. तेवढ्यात आमच्या गल्लीतली एक एम-एटी आणि एक चांगली चालती सीडी हंड्रेड भंगारात गेली. "पंधरा वर्सं झाली डॉक्टर, आता धरत्यात," एवढंच कारण. महाराष्ट्रात तसं काही नाही, हे मी समजावायला गेलो तर लोक माझ्याकडेच संशयाने बघायचे, कारण माझ्या गोठ्यात राजदूत पडून होती आणि मी ती विकायला तयार नव्हतो.

कायदा साधा आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. ती संपली की गाडी नेऊन दाखवायची, तपासणीत पास करून घ्यायची, फी भरायची. पुढची पाच वर्षं मिळतात. मग पुन्हा पाच. गाडी धड आहे तोवर हे चालू राहतं. वीस वर्षांवरच्या मोटारसायकलची ही फी २०२५ च्या ऑगस्टपासून २,००० रुपये झाली, पर्यावरण कर वेगळा, विमा वेगळा, नवी नंबरप्लेट वेगळी. तेही ठीक. गाडी ठेवायची हौस आहे तर खर्च सोसावा.

माझं भांडण एका ओळीशी आहे. २०२२ च्या एप्रिलपासून नूतनीकरणाला उशीर झाला की मोटारसायकलला महिन्याला ३०० रुपये जादा. वर्षाचे ३,६००. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर पळवणाऱ्याकडून हे घेतलं तर मी म्हणेन, कमीच घेतलं. पण गाडी पळत होती की कडब्याखाली निपचित पडली होती, हे या हिशेबात कुणी विचारतच नाही. भंगारवाल्याने माझ्या राजदूतकडे एक नजर टाकून अडीच हजार सांगितले होते. म्हणजे अख्ख्या गाडीपेक्षा तिचा एका वर्षाचा उशीर महाग.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. गावोगावी लोक डॉक्टर म्हणायचे, अजूनही म्हणतात. मी कधी दुरुस्त करत बसलो नाही. १९८६ मध्ये पतसंस्थेचं कर्ज काढून राजदूत घेतली. मागच्या सीटवर नायट्रोजनचा कंटेनर, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेला. आत उणे १९६ अंशाच्या द्रवात बुडवलेल्या रेतमात्रा. गाय सकाळी माजावर आली तर संध्याकाळपर्यंत भरायची, संध्याकाळी आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ती वेळ हुकली की शेतकऱ्याचे एकवीस दिवस गेले, आणि तेवढ्या दिवसांचं पुढचं दूध गेलं. किन्हई, भाडळे, देऊर, पिंपोडे या रस्त्यांवर तेव्हा डांबर कमी आणि खडी जास्त. दुष्काळी भागातल्या कितीतरी घरांचा संसार तेव्हा एका संकरित गाईवर उभा राहिला, आणि त्या कामात या गाडीचा वाटा होता असं मी बिनदिक्कत म्हणतो.

राजदूत म्हणजे दिसायला काही देखणी नव्हे. मूळ पोलंडच्या एसएचएल मोटारसायकलवर बेतलेली, एस्कॉर्ट्सने साठच्या दशकात इथे आणलेली. १७३ सीसी, टू-स्ट्रोक, तीन गिअर. 'बॉबी'त ऋषी कपूरने मिरवली ती बुटकी जीटीएस. आमची ती दुधाच्या किटल्या आणि खताच्या गोण्या वाहणारी. २०११ मध्ये मी निवृत्त झालो, त्याच साली नोंदणीची मुदत संपली. मुलाने स्कूटर घेऊन दिली आणि राजदूत गोठ्याच्या कोपऱ्यात गेली.

ती पुन्हा चालू करायची कल्पना पुतण्याची. तो सातारच्या एमआयडीसीत लेथवर आहे. त्याने आणि कोरेगावातल्या एका जुन्या मिस्त्रींनी मिळून हे काम केलं. मी प्लग धरून उभा राहण्यापुरता. मिस्त्रींनी पहिली अट घातली ती किकला कुणी पाय लावायचा नाही. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटतात. जोर करून किक मारली की रिंग तुटते, बोअरवर ओरखडा येतो आणि हजाराचं काम पाच हजारांवर जातं. म्हणून प्लग काढून आत डिझेल आणि ऑइल सोडलं, रात्रभर मुरू दिलं. मग वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे, पुढे-मागे. कधीतरी 'चुक्' असा आवाज आला आणि पिस्टन सुटला.

एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने कडबा आणि गोणीच्या चिंध्यांचं घर केलेलं. टाकीत तळाला पेट्रोलची राळ झालेली, तिला टर्पेंटाइनसारखा वास. टाकीत चेनचे तुकडे आणि बारीक खडी घालून आम्ही दोघांनी ती हलवली, इतकी की दुसऱ्या दिवशी खांदे वर होईनात. कार्बोरेटरचे जेट बंद होते. पुतण्या सुई घालायला निघाला तर मिस्त्रींनी हात धरला. सुईने भोक मोठं होतं आणि गाडी जन्मभर पेट्रोल पिते. वायरीतली तांब्याची एक तार घ्यायची. पॉइंटवर पांढरी बुरशी चढलेली, ती घासली आणि फट लग्नपत्रिकेच्या कागदाने लावली. फिलर गेज त्यांच्या खणात होतं, पण हात पत्रिकेकडेच गेला.

यात सगळ्यात महत्त्वाचं काम बाहेरून दिसत नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँकच्या कोठीत ओढली जातात आणि तिथून वर जातात. कोठीच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील वाळून तडकली की बाहेरची हवा आत शिरते. मग गाडी चालू होते, उगाच जोरात रेस होते, लोक खूश होतात आणि वाटेत पिस्टन तापून जाम होतो. म्हणून सील आधी, रंगरंगोटी नंतर. सील आणि क्लच प्लेटा पुण्यात नाना पेठेत मिळाल्या. एक बुश कुठेच मिळेना, तो पुतण्याने लेथवर काढला. टायर, ट्यूब, ब्रेक लायनर धरून नऊ-दहा हजारांत गाडी बोलू लागली.

गाडी चालू झाली तेव्हा धूर असा निघाला की शेजारच्या वहिनींनी दोरीवरची धुणी काढली. हा धूर लपवण्यात अर्थ नाही. टू-स्ट्रोकची रचनाच अशी की ताजं पेट्रोल आत येताना थोडं न जळताच सायलेन्सरकडे निसटतं, वर ऑइलही जळतं. माझी राजदूत नव्या गाडीएवढी स्वच्छ कधीच होणार नाही. म्हणून मला प्रदूषण चाचणीत सूट नको. नापास झाली तर गोठ्यात परत नेईन. माझी मागणी एवढीच की जे मोजायचं ते नळीतून निघणारा धूर, दिवा, ब्रेक यांचं मोजा. कॅलेंडर तपासून काय कळणार?

यंत्राचं वय विचारायची आमच्या तालुक्याला सवयच नाही. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये इथे सातारारोडला कारखाना काढला, आधी लोखंडी नांगर, मग डिझेल इंजिनं. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही.) विहिरीवरचं इंजिन बापाने घेतलेलं, पोराने रिंग-पिस्टन बदललेलं, नातवाने पुन्हा बोअर मारलेलं, हे आम्ही पाहत मोठे झालो. वीज आली आणि ती इंजिनं थांबली, वय झालं म्हणून कुणी थांबवली नाहीत.

सरकारला जुन्या गाड्यांचं प्रेमच नाही असंही नाही. २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी खास नियम झाले. गाडी पन्नास वर्षांवरची हवी, मूळ रूपातली हवी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं, आणि चालवायची ती प्रदर्शन, रॅली अशा निमित्तानेच. राजवाड्यातल्या मोटारीला हे शोभतं. माझ्या राजदूतला पन्नास पूर्ण व्हायला २०३६ उजाडेल आणि तेव्हाही ती रॅलीत उभी राहण्यापेक्षा वैरणीचा भारा आणायला बरी. खेड्यातल्या हजारो गाड्या अशा मधल्या वयात अडकल्या आहेत. विंटेज म्हणायला तरुण, नियमाच्या दृष्टीने म्हाताऱ्या.

पेट्रोलचीही एक अडचण आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. चिमणगावला साखर कारखाना असलेल्या तालुक्याने इथेनॉलला नावं ठेवू नयेत, उसाला त्याने आधार दिला आहे. पण इथेनॉल पाणी ओढतं, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. मिस्त्रींचा सल्ला सोपा आहे. टाकी भरून गाडी उभी ठेवायची नाही, चालवायची नसेल तेव्हा कार्बोरेटर रिकामा करायचा, पेट्रोलचा पाइप दर वर्षी बदलायचा. कमी इथेनॉलचं पेट्रोल निदान एखाद्या पंपावर ठेवा, ही मागणी मात्र रास्त आहे.

परिवहन खात्याला करायला फार काही नको. मालवाहू गाडी बंद असेल तर तसं आधी कळवून कर वाचवायची सोय वर्षानुवर्षं आहे. तीच दुचाकीला द्या. मालकाने आरसी बुक जमा करावं, गाडी बंद आहे असं लिहून द्यावं, ग्रामपंचायतीने पाहून सही करावी. तेवढ्या काळाचा उशीर धरू नये. कुणी लबाडी केली, बंद सांगून रस्त्यावर सापडला, तर त्याच्याकडून दहापट घ्या, मी टाळ्या वाजवीन. आणि ज्यांनी कळवलं नव्हतं, पण आज गाडी तपासणीला आणतायत, त्यांना एकदा तरी उशीर माफ करा.

माझे कागद तयार आहेत. १९८९ आधीचा तीन अक्षरी नंबर, कडा फाटलेलं पुस्तक, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने उमटवलेला ठसा. आकडेमोड करून झाल्यावर एजंट माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टर, कशाला भरताय? शेतातनं फिरवा की. कोण बघतंय?" त्याचं चुकत नाही. तालुक्यात अशा कितीतरी राजदूत आणि एम-एटी बांधाबांधाने, ओढ्याच्या वाटेने फिरत आहेत. विमा नाही, प्रदूषणाची चाचणी नाही, ब्रेक लागतो की नाही हे चालवणाऱ्यालाही नीट माहीत नाही. उद्या त्यातल्या एकीने कुणाला उडवलं तर भरपाई कुठून मिळणार, हे खात्याने एजंटला विचारावं. पकडले जात नाहीत तोवर त्यांचा दंड शून्य आहे. माझा महिन्याला ३०० ने वाढतो आहे.