पिन बसली, पण वीज जुळली का?

केळापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला कमी दाबाची वीज काय करते हे शिकवावे लागत नाही. व्होल्टेज पडले की विहिरीवरची मोटार नुसती गुणगुणते, पाणी उचलत नाही, तापते आणि शेवटी रिवाइंडिंगसाठी पांढरकवड्याला न्यावी लागते. हाच शेतकरी सुनेच्या किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी सपत्नीक अमेरिकेला निघतो, तेव्हा मात्र बॅगेत पापड-लोणच्याशेजारी दम्याचा नेब्युलायझर ठेवतो, सोबत शंभर-दोनशे रुपयांचा एक ॲडॉप्टर घेतो आणि विजेची सोय झाली असे समजतो.

ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची वीज येते. अमेरिकेत 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झची. कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या बहुतेक नेब्युलायझरमध्ये थेट विजेवर फिरणारी छोटी मोटार असते. तिला निम्मा दाब मिळाला की तिची गत विहिरीवरच्या मोटारीसारखीच होते. यातला खरा धोका यंत्र जळण्याचा नाही. जळालेले यंत्र निदान दिसते तरी. पण ते रडतखडत चालू राहिले, तर हवेचा झोत कमी पडतो, औषधाची वाफ नीट धरत नाही आणि जे थेंब निघतात ते मोठे असल्याने घशातच अडकतात. रुग्ण पंधरा मिनिटे मास्क लावून बसतो, औषध घेतल्याचे समाधान मिळते, फुप्फुसात मात्र फारसे काही पोहोचत नाही. बाहेर थंडी, अंगात दमा आणि इमर्जन्सीत नेले तर डोळे पांढरे करणारे बिल.

उलट्या दिशेचा प्रकारही होतो. मुलगा तिकडून ‘चांगल्या कंपनीचे’ यंत्र पाठवतो. 120 व्होल्टसाठी बनलेले ते यंत्र इथल्या सॉकेटमध्ये लावले की जवळजवळ दुप्पट दाब मिळतो. तापणाऱ्या वस्तूचे गणित तर आणखी कठोर आहे: दाब दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणूनच अमेरिकेतून आणलेली गुडघे शेकायची विजेची पट्टी इथे लावणे म्हणजे कातडी भाजून घेणे. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला तर ते कळणारही नाही.

मग कन्व्हर्टर घ्यावा का? बाजारात मिळणारे मुठीएवढे हलके कन्व्हर्टर बहुधा इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र अशा तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात. मोटारीच्या किंवा इलेक्ट्रॉनिक यंत्राला ते लावू नयेत. खरा ट्रान्सफॉर्मर चालतो, पण तो जड असतो. शिवाय तो दाब बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. 60 हर्ट्झची मोटार 50 वर साधारण एक षष्ठांशाने मंद फिरते.

हे सगळे टाळण्याची किल्ली यंत्राच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांत असते. तिथे ‘100–240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ’ असे छापलेले असेल, तर साधा ॲडॉप्टर पुरतो. मोबाइलचे चार्जर तसेच असतात आणि घोरण्याच्या आजारासाठीचे सीपॅप यंत्रही बहुधा तसेच. फक्त ‘230 व्होल्ट’ लिहिले असेल, तर ते यंत्र अमेरिकेला नेऊ नये. दुबई किंवा लंडनला मात्र दाब आपल्यासारखाच असतो, तिथे प्रश्न फक्त चौकोनी पिनांचा. (लंडनमध्ये वेगळीच गंमत होते: तिथला ग्लुकोमीटर साखर दुसऱ्या मापात दाखवतो. 7 हा आकडा पाहून घाबरू नये, त्याला 18 ने गुणावे. आपल्या मापात ती 126 होते.) तीन पिनांच्या यंत्राला दोन पिनांचा ॲडॉप्टर लावला की अर्थिंग तुटते, हेही ध्यानात असावे.

या घोळात रुग्णाला दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. प्रवासाआधी तो डॉक्टरकडे येतो, ‘फिटनेस’ लिहून घेतो, तीन महिन्यांच्या गोळ्या मागतो. तेव्हा ‘घरी विजेवर काय काय चालते?’ हा एक प्रश्न कुणी विचारत नाही. तो डॉक्टरने विचारायला हवा, आणि सरकारी दवाखान्यातल्या गर्दीतही त्याला अर्धा मिनिट पुरतो. कारण दम्याच्या बहुतेक रुग्णांसाठी उत्तर विजेच्या दुकानात नाहीच. स्पेसर लावून नीट घेतलेला इन्हेलर नेब्युलायझरच्या तोडीचे काम करतो. त्याला ना वायर लागते, ना पिन. आपल्याकडे वाफ म्हणजे ‘मोठे औषध’ आणि पंप म्हणजे ‘सवय लागते’ हा समज इतका घट्ट आहे की, लोक दोन किलोचे यंत्र सातासमुद्रापार नेतील, पण खिशात मावणारा पंप नको म्हणतील. सवय पंपाची लागत नाही. दमा जुना असतो म्हणून औषध रोज लागते.

इन्हेलर घेण्याची पद्धत मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी शिकून उपयोग नाही. किमान महिनाभर आधी, घरी असतानाच बदल करावा. म्हणजे जमले नाही तर तपासायला डॉक्टर हाताशी असतो. ज्यांना ते खरोखर जमत नाही, त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारा मेश नेब्युलायझर मिळतो, किंवा मुलांना सांगून तिकडचे यंत्र आधीच घरात आणून ठेवता येते. सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. इन्हेलर आणि डॉक्टरची चिठ्ठीही त्याच बॅगेत असावी, कारण मोठी बॅग कधी कधी भलत्याच गावी उतरते.