परिषदेचा खर्च कोणाच्या खात्यावर?

मोखाडा तालुक्यातील एखाद्या पाड्यावरच्या शाळेतील शिक्षकाला पालघरच्या बैठकीचे बोलावणे आले, की त्याच्या दिवसाचा हिशेब पहाटेपासूनच सुरू होतो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या चार तालुक्यांना रेल्वे नाही. जव्हारहून पालघर सुमारे पाऊणशे किलोमीटर. मोखाडा त्याच्याही पलीकडे. घाट उतरून आणि मनोरला महामार्ग ओलांडून एसटी पालघरला पोहोचावी, दोन तास सूचना ऐकाव्यात आणि पुन्हा तीच वाट धरावी. हे सारे दोन तासांसाठी. बोईसर-तारापूरच्या कारखान्यातील एखादा तंत्रज्ञ मुंबईच्या परिषदेला निघतो, तेव्हा त्याच्या हाताशी निदान रेल्वे असते. २०१३ साली उपनगरी सेवा डहाणूपर्यंत आल्यापासून ती सोय वाढलीही. तरी जाण्यायेण्यात चारपाच तास मोडतातच.

अंतराचा हा प्रश्न या जिल्ह्याच्या जन्माशीच निगडित आहे. २०११ च्या जनगणनेत एक कोटी दहा लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तो मुख्यालय लोकांच्या जवळ यावे म्हणून. मुख्यालय जवळ आले. परंतु डोंगराळ तालुक्यांतील माणसाच्या दारी आले, असे मात्र म्हणता येणार नाही. पुढे २०२० च्या महासाथीने सर्वांना घरी बसविले आणि दूरदृश्य परिषदेची सवय लावली. केंद्र सरकारचा ‘निष्ठा’ हा शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये समोरासमोरच्या वर्गांनी सुरू झाला होता. ऑक्टोबर २०२० पासून तो ‘दीक्षा’ या संगणकीय मंचावर गेला. महासाथ ओसरली, सवय राहिली. दूरदृश्य परिषद स्वस्त, प्रत्यक्ष परिषद महाग, असा सोपा निष्कर्षही तिच्याबरोबर राहिला.

या निष्कर्षात तथ्य नाही असे नाही. २०२१ च्या डिसेंबरात ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार परिषद संपूर्णपणे दूरदृश्य पद्धतीने घेतली, तर तिच्यापायी होणारे कार्बनचे उत्सर्जन ९४ टक्क्यांनी घटते. भाडे, भत्ता, निवास आणि भोजन यांची बचत तर उघडच दिसते. ज्या महाविद्यालयीन अध्यापकाला परदेशी परिषदेचे प्रवेशशुल्क आणि विमानभाडे कधीच परवडले नसते, त्याला आज पालघरात बसून जगातील तज्ज्ञांचे व्याख्यान ऐकता येते, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु खर्चाची वही एका बाजूने वाचून चालत नाही. ‘नेचर’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनात पाच देशांतील अभियंत्यांवर प्रयोग झाले. समोरासमोर बसलेल्या जोड्यांना जितक्या नव्या कल्पना सुचल्या, तितक्या पडद्यावर भेटलेल्या जोड्यांना सुचल्या नाहीत. मात्र सुचलेल्या कल्पनांतून योग्य ती निवडण्याच्या कामी पडदा उणा पडला नाही. म्हणजे माध्यमाचा गुणदोष कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे.

तारापूरच्या इतिहासातच याचा दाखला सापडतो. १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे शास्त्रज्ञ एकत्र बसले आणि तोवर गोपनीय असलेली पुष्कळशी माहिती खुली झाली. अशा भेटींतून वाढलेल्या विश्वासाचे मोल कोणत्या भत्त्याच्या बिलात मांडायचे? पण याच वहीची दुसरी बाजूही भाभांच्याच आयुष्यात लिहिली गेली. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाच्या बैठकीस जात असता माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात त्यांचा अंत झाला. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, ते पाहण्यास ते नव्हते. प्रत्यक्ष भेटीचे मोल थोर असते आणि तिची किंमतही कधी थोर असते. म्हणूनच ती कोणत्या कामासाठी मोजायची, हे विचारपूर्वक ठरविले पाहिजे.

दूरदृश्य परिषदेत खर्च नाहीसा होतो, हा दुसरा गैरसमज. पुष्कळदा तो फक्त खाते बदलतो. कार्यालयाच्या प्रवासभत्त्यातून जाणारा पैसा कर्मचाऱ्याच्या खिशातून जाऊ लागतो. मोबाइल त्याचा, डेटा त्याचा, आणि पाड्यावर नेटवर्क मिळत नाही म्हणून टेकडी चढण्याचे श्रमही त्याचेच. समोर टेबलावरचे काम चालू, कानात बैठक चालू. दोहोंकडे अर्धेच लक्ष. शिवाय बैठक बोलावणे फुकटात पडू लागले, की बैठकांची संख्या वाढते आणि त्या संध्याकाळी व सुटीच्या दिवशीही शिरकाव करतात. पूर्वी प्रवासखर्चाचा धाक असल्याने निदान बैठक खरोखर हवी काय, हा प्रश्न तरी कोणी विचारीत असे.

मग कसोटी कोणती लावावी? ज्या बैठकीत केवळ सूचना द्यावयाच्या आहेत किंवा आकडे गोळा करावयाचे आहेत, तिच्यासाठी कोणालाही घाट उतरावयास लावू नये. पडदा पुरेसा आहे, पुष्कळदा एक परिपत्रकही पुरेसे असते. उलट, जेथे हाताने शिकायचे आहे, तक्रार ऐकायची आहे किंवा मतभेद मिटवायचे आहेत, तेथे समोरासमोर बसण्यास पर्याय नाही. तारापूरच्या रासायनिक कारखान्यातील कामगाराने वायुगळतीच्या वेळी कोणती झडप बंद करायची आणि कोणत्या दिशेने धावायचे, हे पडद्यावर पाहून त्याच्या अंगवळणी पडणार नाही. तो सराव प्रत्यक्षच झाला पाहिजे.

प्रत्यक्ष भेटीतही प्रवास नेहमी कनिष्ठानेच का करावा, हाही प्रश्न आहे. पर्यावरणीय मंजुरीसंबंधीच्या २००६ च्या अधिसूचनेत जनसुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या निकट घ्यावी असे म्हटले आहे. नागरिकाने सुनावणीकडे जाण्याऐवजी सुनावणीने नागरिकाकडे यावे, हे यामागचे तत्त्व. ते बैठकांना लावण्यास अडचण कोणती? पन्नास शिक्षकांनी पालघरला उतरण्यापेक्षा दोन अधिकाऱ्यांनी जव्हारला चढणे केव्हाही स्वस्त. आणि पडद्यावरची बैठक घ्यायची, तर ती कामाच्या वेळेत घ्यावी, डेटाचा खर्च कार्यालयाने द्यावा आणि नेटवर्क नसलेल्यांसाठी तिचे ध्वनिचित्रमुद्रण राखून ठेवावे, इतके तरी नियम हवेतच.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांत साठपर्यंत पटसंख्या असलेल्या शाळेला दोन शिक्षक असतात. त्यांतील एक बैठकीला गेला, की त्या दिवशी अर्धी शाळा थांबते. दुसरा सारे वर्ग एकत्र बसवून दिवस निभावून नेतो. हा खर्च कोणत्याही प्रवासबिलात येत नाही, की डेटाच्या हिशेबात धरला जात नाही. तो त्या पाड्यावरची मुले भरतात. बैठकीचे आमंत्रण काढणाऱ्याने, मग ती पडद्यावरची असो वा प्रत्यक्ष, सहीपूर्वी हा आकडा एकदा मनाशी मांडावा. तो मांडला गेला, तर जिल्ह्यातील कित्येक बैठका आपोआपच अनावश्यक ठरतील, आणि ज्या उरतील त्यांना जाणाऱ्याला आपला दिवस वाया गेला असे वाटणार नाही.