नळी म्हणजे हार नव्हे

‘पोटाला नळी लावली म्हणजे आईनं हात टेकले,’ असं बायकाच बायकांबद्दल सहज बोलून जातात. मला या वाक्याचा राग येतो. कारण ते ऐकून एखादी आई मुलाला दोन वर्षं अर्धपोटी ठेवते, पण नळीला हो म्हणत नाही.

सेरेब्रल पाल्सीत वाढत्या मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवरचा ताबा कमी होतो. हातापायांसारखेच जीभ आणि घशाचे स्नायूही साथ देत नाहीत. मूल ठसकतं, घास श्वासनलिकेत जातो, वरचेवर न्यूमोनिया होतो. मैत्रिणींनो, एकेक जेवण अर्ध्या तासापेक्षा जास्त चालत असेल, वजन वाढत नसेल, खाताना घशात घरघर होत असेल, तर डॉक्टरांना सांगाच. आडवं निजवून, नाक दाबून भरवणं मात्र आजच बंद करा.

थोड्या दिवसांसाठी नाकातून नळी घालतात. गरज लांबणार असेल तर पोटावर लहानसं छिद्र करून ती थेट जठरात बसवतात. कपड्याखाली ती दिसत नाही, गरज संपली तर काढताही येते. गिळणं सुरक्षित असेल तर चवीपुरता वरणभात तोंडानंही देता येतो. नळीभोवती जंतुसंसर्ग होतो, कधी ती निसटते. तेव्हा काय करायचं ते घरी येण्याआधीच नर्सकडून शिकून घ्यावं.

दुसरी धास्ती पाठीच्या कण्याची. ज्या मुलांना आधाराशिवाय बसता येत नाही, त्यांचा कणा वाकण्याचा धोका जास्त. बाक साधारण ५० अंशांपुढे जाऊन वाढतच राहिला, तर सळ्या आणि स्क्रू बसवण्याचा विचार होतो. ही शस्त्रक्रिया मोठी आणि जोखमीची. तिनं मूल चालायला लागत नाही. नीट बसता यावं, दुखणं कमी व्हावं, एवढ्यासाठी ती असते. आणि कुपोषित मुलाची जखम लवकर भरत नाही, म्हणून आधी वजन सुधारावं लागतं. नळीचा आणि कण्याचा संबंध इथं येतो.

आमच्या ओझरमध्ये लढाऊ विमानं जोडली जातात, पण अशा शस्त्रक्रियेसाठी नाशिक, नाहीतर मुंबईच गाठायची. खर्चासाठी राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्याची चौकशी जरूर करा.

निर्णय घेताना मुलालाही विचारा. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली, त्यामागे त्यांची लेक मालिनी होती. त्याच मालिनी छिब यांनी पुढे एका बोटानं टाइप करून आपलं आत्मचरित्र लिहिलं. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं नव्हे.

आणि आपण बाकीच्या? सल्ले पुरे झाले. ‘ताई, दुपारी दोन तास मी बसते त्याच्याजवळ, तू जरा पड,’ एवढं म्हणून बघा.