शहाण्यांची वही, वेड्याची साक्ष

‘याला आता ठाण्याला पोचवा!’ आणि बोलणारा पुणेकर असला तर ‘येरवड्याला!’ हा विनोद आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दिवाळी अंकांतल्या व्यंगचित्रांनीही वेड्यांच्या इस्पितळावर थोडाथोडका हशा पिकवलेला नाही. पुढ्यात फराळाचे ताट असताना असला विषय काढला म्हणून वाचकांनी माझ्यावर रागावू नये. ज्या घरचे एखादे माणूस या सणालाही त्या भिंतीआड आहे, त्या घरीही हा अंक जातो.

पण आज माझे भांडण विनोद करणाऱ्यांशी नाही. त्यांच्याहून कितीतरी गंभीर, सज्जन आणि हिशेबी मंडळींशी आहे. मनोरुग्णाची शुश्रूषा करणारी परिचारिका त्याच्याशी खरोखर नाते जोडते की नाही, तो बरा होण्यास तिचा हातभार लागतो की नाही, हे ओळखायचे कसे? ही मंडळी म्हणतात, वही पाहा. गोळ्या दिल्या, सही आहे. रात्रीची फेरी झाली, वेळ टिपलेली आहे. ‘रुग्ण शांत आहे’ असा शेराही आहे. आणखी काय हवे?

ही वही आम्हां मास्तरांच्या चांगल्या परिचयाची आहे. शाळेची तपासणी करायला साहेब येतात, टाचणवही चाळतात, हजेरीपटावरच्या बेरजा ताडून पाहतात आणि चहा घेऊन जातात. मागच्या बाकावरच्या पोराला ‘काय रे बाळ, तुला यातले काय समजले?’ असे कोणी विचारलेले मी माझ्या नोकरीत क्वचितच पाहिले. टाचण सुबक, म्हणजे शिकवणे उत्तम! वॉर्डातली वहीही तेच करते. परिचारिकेने काय केले ते तिच्यात सापडते. रुग्णाला काय मिळाले ते सापडत नाही. ‘शांत आहे’ हे ठीक. पण शांत कशाने? मनावरचे ओझे उतरले म्हणून, गोळीने जीभ जड झाली म्हणून, की बोलून उपयोग नाही हे कळून चुकले म्हणून? तिन्ही माणसांपुढे शेरा एकच पडतो.

परिचारिकेचे बोलणे हे औषधाइतकेच कामाचे असते, ही माझ्यासारख्या कादंबरीकाराची कविकल्पना नव्हे. अमेरिकेत हिल्डगार्ड पेप्लाउ नावाच्या परिचारिकेने १९५२ मध्ये याच विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. लिहून झाल्यावर तो काही वर्षे पडून होता. कारण एका परिचारिकेने, कोणा डॉक्टरचे नाव शेजारी न लावता, पुस्तक काढावे ही गोष्टच त्या काळी मानवत नव्हती! परिचारिकेच्या ज्या भूमिका तिने सांगितल्या त्यांत शिक्षिका आहे, सल्लागार आहे. पण आरंभीची भूमिका आहे ती परक्या माणसाची. अनोळखी माणसाशी आपण जो अदब राखतो तोच रुग्णाशी राखावा, इथून तिची सुरुवात. दारी आलेल्याला आपण आधी पाणी देतो आणि मग गाव विचारतो, तसेच काहीसे.

वीस वर्षांनी, १९७२ मध्ये, ॲनी अल्टशुल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नाझींच्या छळामुळे व्हिएन्ना सोडून ब्रिटनमध्ये आलेल्या या बाई पुढे एडिंबरा विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. मनोरुग्णांच्या वॉर्डांत परिचारिका रुग्णांशी कशा बोलतात हे त्यांनी बारकाईने पाहिले. त्या बोलण्यामागे कोणतीही निश्चित उपचारदृष्टी त्यांना दिसली नाही. जो तो आपल्या व्यवहारबुद्धीने चाललेला. स्वभावाने गोड बाई भेटली तर रुग्णाचे नशीब, नाही तर तेही नशीबच!

१९७३ मध्ये डेव्हिड रोझनहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा एक लेख फार गाजला. धडधाकट माणसे वेड्याचे सोंग घेऊन इस्पितळात दाखल झाली आणि आत राहून त्यांनी टिपणे केली, अशी ती हकीकत. तिच्या खरेपणाबद्दल सुझाना कॅहॅलन या लेखिकेने २०१९ मध्ये एक अख्खे पुस्तक लिहून गंभीर शंका घेतल्या आहेत. तेव्हा त्यातले आकडे मी पुढे करीत नाही. मात्र त्यातला एक प्रसंग, घडलेला असो की रचलेला, मनातून जात नाही. सोंग घेतलेला माणूस वहीत काही लिहीत बसे. परिचारिकेने त्याच्या कागदांवर ‘रुग्णाचे लेखनाचे वर्तन चालू आहे’ अशा अर्थाची नोंद केली. तो काय लिहितो हे मात्र कोणी विचारले नाही. नोंद पुरी, आणि माणूस गहाळ!

आता कोणी म्हणेल, ‘मास्तर, माया का कधी मोजता येते?’ हा आक्षेप कानाला गोड लागतो, म्हणूनच त्याची मला अधिक धास्ती वाटते. माया मोजू नका. पण सिस्टरला रुग्णाचे नाव ठाऊक आहे का, ‘उद्या बोलू’ म्हणाली ती दुसऱ्या दिवशी बोलली का, गोळी बदलली तेव्हा कारण सांगितले का, हे विचारायला कोणता मोजमापाचा गज लागतो? परिचारिकेला ‘देवी’ म्हणायचे, तिच्या कामाला मायेचे सोवळे नेसवायचे आणि त्या निमित्ताने तिचे कौशल्य पाहायचे नाही, शिकवायचे नाही, त्याचे दामही मोजायचे नाहीत, ही चलाखी आपल्या समाजाला चांगली साधली आहे.

दुसरा आक्षेप अधिक उघडा आहे. ‘वेड्याची साक्ष ती काय!’ शेजारी आपल्या पाण्यात विष कालवतो असे ज्याला वाटते, त्याला काल रात्री आपल्या उशाशी कोण बसले होते हे ओळखता येत नाही, असे कोणी सांगितले? एक भ्रम झाला म्हणून माणसाचे सारे जग खोटे होत नाही. आणि आता तर कायदाही त्याच्या बाजूने उभा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत वा होऊ नयेत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क त्याने दिला, आणि सेवेत उणीव असेल तर तक्रार करण्याचा हक्क थेट रुग्णाला दिला. ज्याची तक्रार कायदा ऐकतो, त्यालाच ‘सिस्टर तुमच्याशी कशी वागते?’ असे विचारायची वेळ आली की तो एकाएकी वेडा कसा ठरतो?

इंग्लंडात हे विचारण्याचे धाडस झाले. मेरी चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिचारिका व रुग्ण यांच्यातील नाते तपासणारी एक प्रश्नावली २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. ती घडवताना उपचार घेतलेली माणसेही बरोबर होती. तिची प्रत एक नव्हे, दोन: एक परिचारिकेने भरायची, एक रुग्णाने. मला यातले मर्म वाटते ते या दुसऱ्या प्रतीत.

‘साहेब, एवढ्या मोठ्या वॉर्डाला माणसे किती, आणि बसून बोलायचे कधी?’ असे एखादी सिस्टर विचारील, तर तिच्यापुढे मात्र माझा आवाज खाली येतो. तिचे म्हणणे खरे आहे. तिच्या डोक्यावर आणखी एक तक्ता आदळायचा असेल तर तो न छापलेलाच बरा. तरीही सारेच काही माणसे वाढेपर्यंत अडत नाही. लंडन व आसपासच्या १५ इस्पितळांतल्या ३१ वॉर्डांत लेन बॉवर्स यांनी एक प्रयोग केला. त्याचा वृत्तान्त २०१५ मध्ये आला. त्यात होत्या अगदी घरगुती गोष्टी. नकार द्यायचा तर मऊ शब्दांत द्यावा. वाईट बातमी येणार असेल तर रुग्णाजवळ आधीच जावे. परिचारिकेने व रुग्णाने आपापल्या आवडीनिवडी एकमेकांना सांगाव्यात. भांडणतंटे १५ टक्क्यांनी घटले, आणि धरून ठेवणे, कोंडणे यांसारखे उपाय २६ टक्क्यांनी. या आवडीनिवडींना कोणती इमारत बांधावी लागते?

तेव्हा ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथेही विचारावे. कागद इंग्रजीतून उलथा केलेला नको. रत्नागिरीच्या माणसाला त्याच्या बोलीत आणि नागपूरच्या माणसाला त्याच्या बोलीत वाचून दाखवावा. वाचून दाखवणारा त्या वॉर्डाचा नोकर नसावा, कारण संध्याकाळी जिच्या हातून गोळी घ्यायची तिच्या तोंडावर कोण खरे बोलेल? परिचारिकेचे उत्तर आणि रुग्णाचे उत्तर शेजारी शेजारी ठेवावे, आणि जिथे ती जुळत नाहीत तिथून बोलणे सुरू करावे. आणि ‘सिस्टर चांगली आहे, पण तिला वेळच नसतो’ असे दहा जणांनी सांगितले, तर तो कागद तिच्या गोपनीय अहवालाला लावू नये. तो मुंबईला, जिथे रिकाम्या जागांची फाइल पडून असते, त्या टेबलावर पाठवावा.