धरणास चिरंजीवपद कोणी दिले?

मनूच्या ओंजळीत आलेल्या लहानशा माशाची कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. मोठ्या माशांपासून माझे रक्षण कर, अशी याचना त्याने केली. मनूने त्यास आधी रांजणात, मग विहिरीत, मग गंगेत व अखेर सागरात नेऊन सोडले; आणि प्रलयकाळी त्याच माशाने मनूची नौका तारली. आपल्या देवळांत दशावतारांच्या ओळीत तो पहिला असतो. आपण त्यास नमस्कार करून पुढे जातो. परंतु शरणागतास रांजणात ठेवल्याने आपले कर्तव्य संपले असे मनूने मानले नाही, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही.

जुन्या ताम्रपटांत दान दिले जाई ते ‘यावच्चंद्रदिवाकरौ’. आजच्या काळी तशी सनद जणू धरणांस मिळाली आहे. एकदा भिंत उभी राहिली की ती पाडण्याची भाषा करणारा प्रगतीचा वैरी ठरतो. हा समज आम्हांस मुळीच मान्य नाही, आणि तो खोटा ठरविणारा पुरावा आज उपलब्ध आहे.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एल्व्हा नावाची नदी आहे. तिच्या मुखापासून सुमारे ८ किलोमीटरवर १९१३ साली एक धरण पुरे झाले. १९२७ मध्ये त्याच्या वर दुसरे, ६४ मीटर उंचीचे. सामन मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यास पुन्हा जन्मनदीत परततो. त्याच्यासाठी धरणात वाट ठेवावी, असा त्या राज्याचा कायदा १८९० पासूनच होता. तरीही दोन्ही धरणांत वाट ठेवली गेली नाही. अधिकाऱ्यांनी पळवाट शोधली: वाटेऐवजी मत्स्यबीज केंद्र चालेल! ते केंद्रही १९२२ साली बंद पडले. याचा अर्थ इतकाच, की रांजण दिला, पुढे तोही फुटला, आणि नदी मात्र बंदच राहिली.

त्या नदीकाठच्या क्लॅलम लोकांनी १८५५ च्या तहात आपला मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. मासाच वर येऊ शकला नाही, तर त्या हक्काचे लोणचे घालावयाचे काय? त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दाद मागितली. १९९२ मध्ये संसदेने कायदा केला. २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणे उतरविली गेली. सामन वर चढले. धरणामागे कोंडलेल्या ट्राऊट माशांच्या वंशजांनीही समुद्राची वाट धरली. अडलेला गाळ मुखाशी पोचून तेथे नवा किनारा उभा राहिला. आणि २०१२ मध्ये, जलाशय ओसरताच, क्लॅलम लोक ज्यास आपल्या उत्पत्तीचे स्थान मानतात तो खडक पाण्याबाहेर आला. एका पिढीने दुसरीस केवळ सांगितलेले तीर्थ नातवंडांनी डोळ्यांनी पाहिले.

सर्व काही एका रात्रीत सुधारले, असे आम्ही म्हणत नाही. मासेमारी अनेक वर्षे बंद ठेवावी लागली. २०२३ मध्ये त्या लोकांना थोडीशी मासेमारी पुन्हा करता आली. शंभर वर्षांची जखम दहा वर्षांत भरत नाही.

येथे प्रतिपक्षी विचारतील, माणसाने तहानेने मरावे आणि माशाने जगावे काय? हा प्रश्नच फसवा आहे. एल्व्हाची धरणे पाडण्यापूर्वी शहराच्या पाण्यासाठी शुद्धीकरणाची व्यवस्था उभारली गेली. मेन राज्यातील केनेबेक नदीवरच्या १८३७ सालच्या एडवर्ड्स धरणाचा परवाना १९९७ मध्ये शासकीय आयोगाने नूतनीकरण करण्यास नकार दिला, आणि १९९९ मध्ये ते पाडले गेले. कारण परवाना म्हणजे वंशपरंपरागत वतन नव्हे. मुदत संपली की लाभ व हानी पुन्हा तोलली पाहिजे, एवढेच न्यायाचे म्हणणे आहे.

आता घराकडे पाहू. गोव्यातील साळावली धरणाच्या जलाशयाखाली कुर्डी गाव गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की तेथील सोमेश्वराचे देऊळ वर येते आणि विस्थापित गावकरी तेथे दर्शनास जमतात. क्लॅलम लोकांचे दुःख समजण्यास आपल्याला दुभाष्या नको. साळावली पाडा, असे आम्ही म्हणत नाही. दक्षिण गोवा ते पाणी पितो. परंतु १९७५ साली फराक्का येथे बंधारा झाला आणि प्रयागपर्यंत चढणारा हिलसा मासा खालीच अडला, याची फेरतपासणी कोणी करावयाची? २०२१ चा धरण सुरक्षा कायदा भिंत फुटू नये याची चिंता वाहतो. भिंतीने जे फुटले त्याची नाही.

आमची मागणी सरळ आहे. प्रत्येक धरणास मुदत असावी. मुदतीअखेर जाहीर सुनावणी व्हावी, आणि तीत कोळ्याचे, काठच्या गावांचे व माशाचेही म्हणणे नोंदले जावे. गरज उरलेली नसेल तर भिंत उतरवावी. उरली असेल तर माशास वाट द्यावी.

काळ नदीच्या वाळणकोंडीतले मासे वरदायिनीचे म्हणून कोणी मारीत नाही. ही श्रद्धा थोर आहे. पण एक डोह राखून नदी राखली जात नाही. मनू रांजणापाशी थांबला असता, तर प्रलयात त्याची नौका कोणी ओढली असती?