रस्त्याखालची मुळे

मुंबई महानगरपालिकेने २०२३ पासून रस्त्यांच्या सिमेंट काँक्रिटीकरणाची मोठी मोहीम हाती घेतली. तिच्या पाठोपाठ रहिवाशांच्या तक्रारीही आल्या. रस्ता नको, असे कोणी म्हटलेले नाही. पावसाळ्यात खड्डे चुकवीत मिस्सेला जाणारा भाविक तसे म्हणणारही नाही. पदपथालगत चर खणताना झाडांची मुळे तोडली जातात, ही तक्रार आहे.

तिच्यात तथ्य आहे. पाणी व अन्न शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात. यंत्राने एका बाजूची मुळे तोडली, तरी झाड काही महिने हिरवेच दिसते. ठेकेदार बिल घेऊन निघून जातो आणि जूनच्या वाऱ्यात ते झाड रिक्षावर कोसळते. मग पंचनाम्यात दोष वाऱ्याचा! बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक भिडवले, तर मुळांना पाणी आणि हवा दोन्ही मिळेनासे होतात. (काही चर्चच्या आवारांतही हेच दिसते, हे येथे नमूद केलेले बरे.)

कायदा याबाबत मूक नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमात झाड तोडण्याच्या व्याख्येत त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते. म्हणजे परवानगीवाचून मुळांवर घातलेला घाव हाही आमच्या मते कायद्याचा भंगच. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि ते तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन घातले. मात्र कागदावर मोजली जातात ती तोडलेली झाडे. मुळे तुटून मागाहून मेलेल्या झाडाचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा?

भरपाईच्या रोपांविषयीही आम्ही साशंक आहोत. मेट्रो-३ च्या कामासाठी चर्चगेट, कफ परेड भागांतील झाडे तोडण्यास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्थगिती दिली आणि मे महिन्यात ती उठवली. पुनर्रोपणाचे आश्वासन देण्यात आले होते. पुढे हलवलेल्या झाडांपैकी अनेक झाडे जगली नाहीत. चर्चगेटची सावली आरेमध्ये नेऊन लावता येत नाही, हे तेथील रहिवासी आधीपासून सांगत होते.

ख्रिस्ती माणसासाठी हा विषय परका नाही. वेढा घातलेल्या नगराची फळझाडे तोडू नयेत, असा दंडक अनुवादाच्या विसाव्या अध्यायात आहे, आणि तोही युद्धकाळासाठी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पर्यावरणीय परिणामांचा विचार आराखडा आखल्यानंतर नव्हे, तर आरंभापासून व्हावा आणि त्या चर्चेत स्थानिकांना विशेष स्थान असावे, असे सांगितले. आपल्याकडे नागरिकाला कळते ते बुंध्यावर नोटीस डकवल्यावर, आणि मुळांसाठी तर नोटीसही नसते.

दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसईच्या लढ्याची परंपरा सांगणाऱ्या आपल्या समाजाने निदान इतके करावे: खोदकाम सुरू होण्यापूर्वी धर्मग्रामातील तरुणांनी आपल्या रस्त्यावरील झाडांची छायाचित्रांसह नोंद करावी, चर बुंध्यापासून किती अंतरावर जाणार हे अभियंत्याला लेखी विचारावे आणि त्या अर्जाची पोच जपून ठेवावी. पावसाळ्यानंतर त्याच झाडांची पुन्हा छायाचित्रे घ्यावीत.